जमीन पाहावी वैशाखात

दिवाळीचा सुमार आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गळकी गच्ची, परत न मिळालेली अनामत आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यासंबंधी लिहिणारे वाचक या दिवसांत विचारतात, “हाती थोडी रक्कम आली आहे. भोरकडे जमीन घेऊन लहानसे घर बांधावे आणि शनिवार-रविवारी ते भाड्याने द्यावे, असे मनात आहे. आपले मत काय?” त्याच टपालात जागांची दलाली करणाऱ्या एखाद्या तरुणाचेही पत्र असते : “या धंद्यात नाव कसे मिळवावे?” हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार लांबचे नाहीत. दोघांनाही मी हिर्डोशीच्या रस्त्यावर घेऊन जाणार आहे.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने कापूरहोळला यावे, तेथून उजवीकडे वळून भोर गाठावे आणि पुढे महाडचा रस्ता धरावा. हा रस्ता वरंध घाटाने कोकणात उतरतो. घाटाच्या अलीकडे नीरेच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या आणि डोंगरउतारांच्या मुलखात हिर्डोशी आहे. हा जुना हिरडस मावळ. बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभूंचा. आता या रस्त्याला नीरा-देवघर धरणाच्या पाण्याची सोबत असते. आश्विन-कार्तिकात धरण तुडुंब असते, भात पिवळे पडू लागलेले असते, डोंगर अजून हिरवे असतात. अशा वेळी पुण्यामुंबईचा मनुष्य तेथे उभा राहिला म्हणजे त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. दलालांना हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच जमिनीच्या जाहिरातींतील बहुतेक छायाचित्रे याच दोन महिन्यांतील असतात.

काही वर्षांपूर्वी अशाच कार्तिकात एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांबरोबर मी तिकडे गेलो होतो. बरोबर त्यांची पत्नी आणि जागा दाखविणारा तरुण दलाल. वीस गुंठ्यांचा तुकडा, समोर चमचमणारे पाणी. गुरुजी हरखून गेले. तेवढ्यात बांधावर म्हशी चारणारे एक म्हातारबाबा जवळ आले. बाईंनी त्यांना सहज विचारले, “बाबा, पाणी बारा महिने असंच असतं का हो?”

“आत्ता हाय, ताई,” ते म्हणाले, “पर वैशाखात या. पानी पार त्या खालच्या वळनाला जातंय. हितं नुसता चिखुल. आन् पावसाळ्यात या; मंग रस्ता हाय का न्हाई तेबी बगा.”

दलालाचा चेहरा उतरला. मला मात्र वाटले, आमच्या साऱ्या सल्ल्याचे सार या गृहस्थाने चार वाक्यांत सांगून टाकले. नीरा-देवघर हे शेतीला पाणी देण्यासाठी बांधलेले धरण आहे. ते भरते ते रिकामे होण्यासाठीच. शिवाय जलाशयाच्या काठाची जमीन संपादन झालेली असते. त्यामुळे ‘पाण्याला लागून’ म्हणून दाखविलेला तुकडा आणि पाणी यांच्यामध्ये बहुधा सरकारी पट्टा असतो. त्यावर तुम्हांला कुंपण घालता येत नाही की पंप बसविता येत नाही. पाण्याचे दृश्य खरेदीखतात लिहून मिळत नसते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून पहिला नियम : जमीन एकदा वैशाखात पाहावी आणि एकदा आषाढात. वैशाखात विहीर, झरा किंवा कूपनलिका यांची परीक्षा होते. आषाढात रस्त्याची आणि उताराची होते. वरंध घाटाचा रस्ता दरडींच्या भीतीने पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवावा लागला आहे. आणि उताराचे म्हणाल, तर याच पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. घरासाठी उतार खोदून सपाट करणाऱ्याने हे नाव विसरू नये. डोंगर कापून केलेल्या प्लॉटाची किंमत कमी असते, तिला कारण असते.

दुसरा नियम कागदांचा. गुरुजींनी मला विचारले, “सातबारा तर स्वच्छ आहे, मग अडचण कसली?” सातबारा हा जमिनीचा चेहरा आहे, प्रकृती कळण्यासाठी नाडी पाहावी लागते. त्यासाठी मी जे पाहतो ते क्रमाने सांगतो.

प्रथम घेणाऱ्याने स्वतःला विचारावे : मी शेतकरी आहे काय? महाराष्ट्रात कूळकायदा १९४८ सालचा आहे, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. ‘दाखल्याचे मी पाहतो’ असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते, आणि त्या वेळी दाखल्याचे पाहणारा कोठेही दिसत नाही.

मग सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ आहे की ‘वर्ग २’, हे पाहावे. वर्ग २ म्हणजे विक्रीला सरकारची परवानगी हवी. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी मुलखात इनामे आणि वतने असत. ती पुढील दोन दशकांत कायद्यांनी रद्द झाली आणि पुष्कळ जमिनी नव्या शर्तीवर परत दिल्या गेल्या. त्या शर्ती आजही जिवंत असू शकतात. देवस्थानची जमीन असेल तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.

नंतर ‘इतर हक्क’ हे सदर. घाईत कोणी वाचत नाही, आणि सारे ग्रहण तेथेच असते. कुळाचे नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, ‘वन’ असा शेरा, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा, हे सर्व तेथे सापडते. धरणाच्या तालुक्यात शेवटच्या शेऱ्याला फार महत्त्व आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा १९९९ चा कायदा प्रकल्पाच्या क्षेत्रातील जमिनींच्या विक्रीवर निर्बंध घालतो. खाजगी वनांच्या १९७५ च्या कायद्याने तर अनेक डोंगरजमिनी सरकारकडे गेल्या आहेत, आणि त्यांचे जुने मालक अजून त्या ‘आमच्याच’ म्हणून दाखवितात.

यापुढे फेरफार. एकेक नोंद मागे मागे वाचत जावी आणि निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करवून घ्यावा. कुलमुखत्यारपत्रावर विकणाऱ्याशी विशेष जपून वागावे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सुरज लँप खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. मुखत्याराने मालकाच्या वतीने खरेदीखत नोंदवून दिले तर गोष्ट निराळी. पण तो मालक हयात आहे ना आणि त्याने मुखत्यारी काढून घेतलेली नाही ना, हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे.

तुकड्याचे आकारमानही पाहावे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि त्यात वेळोवेळी बदल होत आले आहेत. शेतजमिनीचे दोन-दोन, पाच-पाच गुंठे पाडून विकणारे लोक दहाजणांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढवितात. त्याने दहाजणांना एक सामाईक भांडण मिळते, प्लॉट कोणालाच मिळत नाही. शेवटी बांधकामाचा प्रश्न. झोन दाखला आणावा. परवानगी देणारे प्राधिकरण कोणते हे लेखी विचारावे. आणि पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात ते गाव आहे किंवा कसे, तेही पाहावे. केंद्र सरकारने हा मसुदा २०१४ पासून पुनःपुन्हा काढला. सहावा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला.

एवढे ऐकून गुरुजी थकले. पण बाईंनी फेरफाराचा कागद हातात घेतला होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी दलालाला विचारले, “भाऊ, इथं वारसांत चार नावं आहेत. दोन भाऊ आमच्याशी बोलले. ह्या दोन बहिणी कुठं आहेत?”

“त्या मुंबईला असतात, काकू. दिल्या घरी सुखी आहेत. त्यांचं काही म्हणणं नाही.”

“म्हणणं नाही, असं कोणाला म्हणाल्या त्या?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मावळातील घराघरांतून माणसे मुंबईला गेलेली आहेत; जमीन गावाला आणि हिस्सेदार घाटकोपरला, हा येथला नेहमीचा प्रकार. त्यांत बहिणींना विचारावयाचे ही चाल जुन्या काळी नव्हती. पण कायदा बदलून आता पुष्कळ वर्षे झाली. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हक्क देण्याची दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली, केंद्राने ती २००५ साली केली. वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीचा जन्मतःच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात ठरविले. ज्या खरेदीखतावर बहिणींच्या सह्या नाहीत, ते खरेदीखत म्हणजे पुढल्या पिढीच्या दाव्याचा मसुदा होय.

मी गुरुजींना सांगितले की, आपण मुंबईला जाऊन त्या दोघींना भेटू. त्या दलालाने प्रथम पुष्कळ आढेवेढे घेतले, पण शेवटी तोच आमच्याबरोबर आला. थोरली बहीण चाळीतल्या एका खोलीत राहत होती. तिने आमचे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “पैशाचं नंतर बघू. पण त्या रानात माझी आई लावणीला वाकली. विकायचं तर मला विचारायला नको?” धाकटीने आमच्याकडे पाहिलेही नाही. तो सौदा झाला नाही. गुरुजींचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे शाबूत राहिले. पुढे भावा-बहिणींनी बसून रीतसर वाटणी करून घेतली असे कळले, आणि दोघी बहिणींनी आपला हिस्सा राखला.

आता दलालबंधूंसाठी दोन शब्द. त्या तरुणाने मला परतीच्या वाटेवर विचारले, “काका, माझं पेट्रोल गेलं, दिवस गेले, दलाली गेली. मला काय मिळालं?” मी म्हटले, “गुरुजींच्या शाळेतले शेकडो विद्यार्थी आज घरे घेण्याच्या वयाचे आहेत. गुरुजी त्यांना तुझा पत्ता देतील.” ते त्यांनी दिलाही. या धंद्यात माणसाची परीक्षा त्याने जमविलेल्या सौद्यांवरून होते तशीच त्याने मोडलेल्या सौद्यांवरून होते. ‘ही जागा घेऊ नका’ असे जो एकदा सांगतो, त्याने पुढे ‘ही घ्या’ म्हटले तर लोक मानतात.

कायद्यानेही आता या धंद्याला शिस्त घातली आहे. स्थावर मालमत्तेचा २०१६ चा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक किंवा सदनिका आठांहून अधिक, त्याची नोंदणी महारेराकडे व्हावी लागते, आणि तेथली विक्री करणाऱ्या एजंटालाही नोंदणी लागते. २०२३ पासून त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. ग्राहकाने नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये. बांधणाऱ्याने करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता कामा नये, हेही त्याच कायद्यात आहे.

पण जुनी घरे, सुटी शेतजमीन आणि भाड्याचे व्यवहार बहुतांशी त्या कायद्याबाहेर राहतात. तेथे दलालाची स्वतःची वहीच त्याचा कायदा. म्हणून दलाली किती आणि केव्हा, हे आधी लिहून द्यावे. दोन्ही पक्षांकडून घेणार असाल तर ते दोन्ही पक्षांना सांगावे. विसाराची रक्कम आपल्या खिशातून फिरवू नये; धनादेश मालकाच्या नावे व्हावा. आणि जागेतला दोष ग्राहकाच्या नजरेस येण्यापूर्वी आपण सांगावा.

आता भाड्याच्या उत्पन्नाकडे वळू, कारण सारी स्वप्ने शेवटी तेथेच येतात. समजा, जमीन आणि घर मिळून ४० लाख रुपये गेले. रात्रीचे भाडे ५,००० रुपये धरले. गिऱ्हाईक मुख्यतः पावसाळ्यातल्या आणि थंडीतल्या शनिवार-रविवारी येणार. वर्षाच्या ६० रात्री धरू. उत्पन्न झाले ३ लाख. राखणदाराला महिना १२,००० रुपये म्हणजे १,४४,०००. तिकडच्या पावसाने होणारी गळती, रंग, पंप यांचे ६०,०००. वीज, साफसफाई, किरकोळ ३६,०००. उरले ६०,०००, म्हणजे शेकडा दीड रुपया. बँकेची मुदत ठेव याहून बरे देते, आणि तिचे छप्पर गळत नाही. शहरातल्या सदनिकेचे गणित थोडे बरे असते. साठ लाखांच्या घराला १८,००० भाडे धरले तर वर्षाचे २,१६,०००. एक महिना घर रिकामे गेले, सोसायटी आणि घरपट्टीचे ४०,००० गेले, तर १,५८,००० उरतात. शेकडा सुमारे दोन रुपये साठ पैसे. आपले आकडे घालून हे गणित प्रत्येकाने स्वतः मांडावे. उरलेला लाभ किंमत वाढेल या आशेचा असतो. आशा बाळगण्यास हरकत नाही, मात्र तिच्यावर कर्जाचा हप्ता बांधू नये.

घर भाड्याने देणाऱ्यांचा एक गैरसमज मला दर वर्षी भेटतो : अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. हा समज वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याविषयीच्या जुन्या नियमातून आला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर अकरा महिन्यांसाठी द्या की तीन वर्षांसाठी, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. उलट, नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार हाती असला आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. मुद्रांकही फार नाही. एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या शेकडा पाव टक्का. एवढ्यासाठी घर पणाला लावणारे पाहिले की नवल वाटते.

जाता जाता आणखी एक विचार सुचवावासा वाटतो. हिर्डोशीच्या खोऱ्यात चार दिवस राहावे, पाऊस पाहावा, नाचणीची भाकरी खावी, हे आपल्या मनात असेल तर त्यासाठी जमिनीचे मालक होण्याची गरज आहेच असे नाही. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण केले. त्यात शेतकऱ्याने स्वतःच्या रानात पाहुण्यांसाठी खोल्या काढाव्यात, अशी सोय आहे. दलालबंधूंनी या कामी लक्ष घातले तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, शहरवाल्याला गारवा मिळेल, आणि दलालाला वर्षानुवर्षे चालणारी दलाली मिळेल. धरणात एकदा जमिनी गेलेल्या या खोऱ्याने उरलेल्या जमिनी पुन्हा थोड्याशा पैशांसाठी घालवाव्यात, हे काही बरे दिसत नाही. विकलेली जमीन परत मिळत नाही. भाडे मात्र दर वर्षी येते, आणि ते गावातच राहते.

ज्यांना घ्यावयाचीच आहे, त्यांनी अवश्य घ्यावी. पण या दिवाळीत विसार देऊ नये. शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलावे. शिवकाळात वतनाचा वाद मिटवावयाचा तर गोत जमवून, शेजाऱ्यांच्या साक्षी काढून महजर करीत. ती पद्धत शहाणपणाची होती. आज कागद घरबसल्या पाहावयास मिळतो, पण त्या कागदात नसलेल्या गोष्टी अजूनही शेजाऱ्यालाच ठाऊक असतात. कागद वकिलाला दाखवा, बहिणींना भेटा, आणि वैशाखाची वाट पाहा. चांगली जमीन सहा महिन्यांत पळून जात नाही. जी पळून जाते, ती आपल्याला नको होती असे खुशाल समजावे.

आणि दलालबंधूंनो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीवर ‘श्री’ लिहाल, तेव्हा शेवटची दोन पाने कोरी ठेवा. वर्षभरात ग्राहकाच्या हितासाठी जे सौदे तुम्ही स्वतः मोडलेत ते तेथे लिहीत जा. पाच वर्षांनी ती पाने उघडून पाहा. तुमचे निम्मे गिऱ्हाईक त्याच घरांतून आलेले आढळेल.